जमिनीवरची वाट: टॅक्सी करताना होणाऱ्या वैमानिकांच्या दिशाचुका

थांब्यापासून उड्डाणाच्या धावपट्टीपर्यंत, किंवा उतरल्यानंतर धावपट्टीपासून थांब्यापर्यंत, विमान स्वतःच्या इंजिनांच्या जोरावर चाकांवर जो प्रवास करते त्याला विमानचालनाच्या व्यवहारात 'टॅक्सी करणे' म्हणतात. प्रवाशाच्या दृष्टीने हा काळ मोबाईल बंद करण्याचा किंवा पुन्हा चालू करण्याचा असतो आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणातही दीर्घकाळ त्याला गौण स्थान होते. विमानचालनाच्या इतिहासातली सर्वांत मोठी दुर्घटना मात्र जमिनीवरच घडली. 27 मार्च 1977 रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरीफच्या लॉस रोदेओस विमानतळावर दोन बोइंग 747 विमानांची टक्कर होऊन 583 माणसे दगावली. केएलएमच्या विमानाने परवानगीशिवाय उड्डाणाची धाव सुरू केली हे तिचे मुख्य कारण असले, तरी त्या क्षणी पॅन अॅमचे विमान त्याच धावपट्टीवर का होते, हा प्रश्न प्रस्तुत विषयाच्या मुळाशी जातो. पॅन अॅमच्या वैमानिकांना डावीकडच्या तिसऱ्या फाट्याने बाहेर पडण्यास सांगितले होते. परंतु दाट धुके, फाट्यांवर क्रमांकांचे फलक नसणे आणि तिसऱ्या फाट्यावर जवळजवळ उलटे वळण घ्यावे लागणे या तिन्हींमुळे ते तो फाटा ओलांडून चौथ्याच्या दिशेने निघाले होते. बॉम्बस्फोटामुळे ग्रान कॅनरियाचा विमानतळ बंद झाल्याने ही विमाने या छोट्या विमानतळाकडे वळवण्यात आली होती, म्हणजे तेथे येण्याचा कोणाचाच बेत नव्हता.

अशा चुकांची चर्चा 'वैमानिक त्या विमानतळाशी परिचित नव्हता' या वाक्यापाशी वारंवार थांबते. वाक्य बहुधा खरे असते, पण अपुरे असते. पाच दशकांतले अपघात आणि त्यांवरचे संशोधन एकत्र वाचले असता दिसते ते असे, की अपरिचितपणा केवळ वैमानिकाच्या पूर्वीच्या फेऱ्यांवर ठरत नाही. विमानतळाची रचना, त्या दिवसाचे हवामान आणि चालू असलेली बांधकामे मिळून तो घडवतात. नेहमीच्या विमानतळावरही तो काही मिनिटांत निर्माण होऊ शकतो, आणि आपल्याला वाट माहीत आहे अशी खात्री असलेल्या वैमानिकाला त्याची चाहूल सर्वांत उशिरा लागते.

टॅक्सी करताना वैमानिकाला उपलब्ध असणारी साधने आधी पाहायला हवीत. टॅक्सीवेंना, म्हणजे धावपट्टी आणि थांबे यांना जोडणाऱ्या रस्त्यांना, इंग्रजी अक्षरांची नावे असतात. त्यांतून आय, ओ आणि एक्स ही अक्षरे वगळावीत अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे, कारण पहिली दोन 1 आणि 0 या अंकांसारखी दिसतात आणि फुलीची खूण बंद मार्गासाठी राखलेली असते. काळ्या फलकावरचे पिवळे अक्षर विमान सध्या कोणत्या मार्गावर आहे ते सांगते, पिवळ्यावरचे काळे अक्षर पुढे फुटणाऱ्या मार्गाचे नाव व दिशा दाखवते आणि तांबड्या फलकावरची पांढरी अक्षरे परवानगीवाचून पुढे न जाण्याचा हुकूम देतात. धावपट्टीच्या अलीकडे जमिनीवर दोन अखंड आणि दोन तुटक पिवळ्या रेषा आखलेल्या असतात व विमानाला अखंड रेषांच्या बाजूस थांबावे लागते. रात्री टॅक्सीवेच्या कडा निळ्या दिव्यांनी व मध्यरेषा हिरव्या दिव्यांनी उजळते, तर धावपट्टीच्या कडेचे दिवे पांढरे असतात. धावपट्टीचा क्रमांक तिच्या चुंबकीय दिशेच्या अंशांना दहाने भागून येतो. 220 अंशांकडे तोंड असलेली धावपट्टी 22 क्रमांकाची ठरते.

ही भाषा नीटस आहे, पण ती वाचण्याची परिस्थिती क्वचितच तशी असते. उतरल्यानंतर विमान अजून वेगात असतानाच नियंत्रक चार-पाच अक्षरांची आणि एखाद्या धावपट्टीच्या ओलांडणीची मालिका एका दमात सांगतो. सहवैमानिक ती घाईघाईने टिपतो, परत म्हणून दाखवतो, मग नकाशावर बोट ठेवून मार्ग शोधतो. दरम्यान चाकांची दिशा वळवणारा मुख्य वैमानिक पहिल्या फाट्यापाशी पोहोचलेलाही असतो. मोठ्या विमानात डोळे जमिनीपासून इतक्या उंचीवर असतात, की नाकाखालची बरीचशी जमीन, आणि तिच्यावर रंगवलेली अक्षरे, दिसतच नाहीत. एकाचे लक्ष बाहेर आणि दुसऱ्याचे कागदावर, अशी कामाची वाटणी अटळ असते. त्यामुळे दोघांच्या मनातले विमानाचे स्थान वेगवेगळे असूनही ते कोणाच्याच लक्षात न येण्याची शक्यता कायम राहते.

या शक्यतेचा पद्धतशीर अभ्यास 1990 च्या दशकात अमेरिकेच्या 'नासा'च्या एम्स संशोधन केंद्रात झाला. विमान कंपन्यांच्या वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉकपिटच्या हुबेहूब प्रतिकृतीत, बसवून शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर कमी दृश्यमानतेत टॅक्सी करायला लावले गेले. डेव्हिड फॉइल आणि बेकी हूई यांच्या विश्लेषणात चुकांचे तीन प्रकार दिसले. नियोजनाच्या चुकीत सूचनाच चुकीची ऐकली किंवा टिपली जाते आणि मग ठरवलेला चुकीचा मार्ग वैमानिक अगदी काटेकोरपणे पाळतो. निर्णयाच्या चुकीत मार्ग बरोबर माहीत असतो, पण एखाद्या चौकात कोणता फाटा घ्यायचा ते चुकते. अंमलबजावणीच्या चुकीत कुठे वळायचे हेही ठाऊक असते, परंतु प्रत्यक्षात विमान शेजारच्याच फाट्यावर वळते. हे वर्गीकरण कोरडे वाटले तरी उपायांच्या दृष्टीने कळीचे आहे, कारण सूचना परत म्हणवून घेतल्याने पहिल्या प्रकाराला आळा बसतो, उरलेल्या दोहोंना त्याचा स्पर्शही होत नाही.

निर्णयाच्या चुकांवर मायकेल बर्न आणि अॅलेक्स कर्लिक यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेले काम या क्षेत्रातले सर्वांत मर्मग्राही म्हणावे लागेल. मानवी विचारप्रक्रियेचे संगणकीय प्रारूप वापरून त्यांनी दाखवले, की चौकापाशी पोहोचताना निर्णयाला किती वेळ उरला आहे यावर वैमानिक कोणती पद्धत वापरतो ते ठरते. वेळ पुरेसा असेल तर सूचना आठवून किंवा नकाशा पाहून निर्णय होतो. वेळ तोकडा असेल तर मन झटपट आडाख्याकडे वळते आणि त्यांतला प्रबळ आडाखा 'आपला थांबा ज्या बाजूला आहे तिकडे वळावे' हा असतो. ओ'हेअरवर तो बहुतेक वेळा बरोबरच ठरत असे. म्हणूनच तो धोक्याचा होता, कारण बऱ्याच वेळा यशस्वी झालेल्या सवयीवर संशय घेण्याचे कारण मनाला सापडत नाही, आणि नियंत्रकाने एखाद्या दिवशी थांब्यापासून दूर नेणारा मार्ग दिला की चूक नेमकी तेथेच होते. अशा चुकीला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. अपुऱ्या वेळात वाजवी मनाने काढलेला तो वाजवी निष्कर्ष असतो.

प्रयोगशाळेतले हे निष्कर्ष वास्तवात किती भीषण रूप घेतात ते मिलानच्या लिनाते विमानतळावर 8 ऑक्टोबर 2001 रोजी दिसले. त्या सकाळी धुक्यामुळे दृश्यमानता जेमतेम 200 मीटरच्या आसपास होती. पश्चिमेच्या ॲप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या फरसबंद जागेवर, उभ्या असलेल्या एका छोट्या सेस्ना सायटेशन जेटला 'रोमिओ 5' या मार्गाने उत्तरेकडे जाण्यास सांगण्यात आले. वैमानिकाने 'रोमिओ 5' हेच शब्द बरोबर परत म्हटले. ॲप्रनवरून निघणारी पिवळी रेषा पुढे दुभंगत होती: डावीकडची शाखा रोमिओ 5, उजवीकडची रोमिओ 6, आणि ही दुसरी शाखा थेट मुख्य धावपट्टीला छेदत होती. त्या फाट्यावरच्या खुणा झिजलेल्या होत्या आणि सेस्ना उजवीकडे गेले.

यापुढचा तपशील अधिक विचार करायला लावणारा आहे. वाटेत वैमानिकाला जमिनीवर 'एस 4' अशी खूण दिसली आणि आपण 'सिएरा 4'जवळ येत आहोत असे त्याने नियंत्रकाला प्रामाणिकपणे कळवले. विमान चुकीच्या मार्गावर असल्याचा तो स्पष्ट पुरावा होता. परंतु ही खूण प्रसिद्ध नकाशांवर नव्हती आणि नियंत्रकांनाही ती ठाऊक नव्हती. विमान उत्तरेच्या मार्गावरच असल्याचे गृहीत धरून नियंत्रकाने त्याला पुढे जाण्यास सांगितले. जुने ग्राऊंड रडार, म्हणजे विमानतळाच्या पृष्ठभागावरची हालचाल दाखवणारे रडार, काढून टाकलेले होते आणि नवे अजून कार्यान्वित व्हायचे होते. धावपट्टीत कोणी शिरल्यास इशारा देणारे संवेदकही निष्क्रिय केलेले होते. सेस्ना धावपट्टीवर पोहोचले त्याच वेळी स्कॅन्डिनेव्हियन एअरलाइन्सचे एमडी-87 उड्डाणाच्या धावेत होते. दोन्ही विमानांतील सर्व 114 जण आणि ज्या सामान-इमारतीवर ते विमान आदळले तिच्यातले चार कर्मचारी, असे एकूण 118 जण मृत्युमुखी पडले. इतक्या कमी दृश्यमानतेत उडण्याची पात्रता सेस्नाच्या वैमानिकांकडे नव्हती हे तपासात नोंदले गेले आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाही. तरीही इटलीच्या तपास यंत्रणेने विमानतळावर कार्यरत अशी सुरक्षा-व्यवस्थापन पद्धतच नव्हती यावर भर दिला, तो योग्यच होता. कारण वाट चुकलेल्या वैमानिकाने स्वतःचा ठावठिकाणा सांगितल्यावरही जो विमानतळ तो ओळखू शकत नाही, तेथे अनोळखीपणाचा दोष एकट्या पाहुण्यावर टाकता येत नाही.

डेट्रॉइटचे 3 डिसेंबर 1990 चे प्रकरण कॉकपिटच्या आतली बाजू दाखवते. नॉर्थवेस्टच्या डीसी-9 विमानाचा मुख्य वैमानिक वैद्यकीय कारणामुळे सुमारे सहा वर्षे उड्डाणांपासून दूर राहून नुकताच कामावर परतला होता. सहवैमानिकाने आपल्या लष्करी अनुभवाविषयी फुगवून सांगितले होते आणि या विमानतळाची वाट आपल्याला माहीत असल्याचा आत्मविश्वासही दाखवला होता. धुक्यात मुख्य वैमानिक त्याच्यावर विसंबत गेला, फाटा चुकला, विमान सुरू असलेल्या धावपट्टीवर आले आणि त्याच कंपनीच्या उड्डाण घेणाऱ्या बोइंग 727 चा पंख त्याला चिरत गेला. डीसी-9 मधले आठ जण दगावले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दोघांच्या भूमिकांची जवळजवळ अदलाबदल झाल्याचे म्हटले आणि आपण कोठे आहोत याबद्दल शंका असूनही त्यांनी विमान थांबवून वेळेवर तसे कळवले नाही, हे कारणांमध्ये नोंदवले. हा विमानतळ नॉर्थवेस्टचे प्रमुख केंद्र होता, हे येथे लक्षात ठेवायला हवे.

शंका वेळीच बोलून दाखवल्याने काय साधते ते प्रॉव्हिडन्स येथे 6 डिसेंबर 1999 च्या रात्री दिसले. उतरलेले युनायटेडचे बोइंग 757 धुक्यात चुकीच्या टॅक्सीवेवर वळून पुन्हा धावपट्टीवर आले आणि आपल्या स्थानाविषयी गोंधळलेले संदेश देत राहिले. त्याच्या अगदी जवळून एक मालवाहू विमान उड्डाण करून गेले. नियंत्रकाची मात्र धावपट्टी मोकळी असल्याची खात्री होती आणि तिने पुढच्या विमानाला उड्डाणाची परवानगी दिली. त्या विमानाच्या वैमानिकांनी रेडिओवरचे संभाषण ऐकले होते आणि नक्की काय चालले आहे हे कळेपर्यंत धावपट्टीवर जाण्यास त्यांनी नकार दिला. परवानगी हातात असताना ती नाकारणे हे वेळापत्रक, इंधन आणि नियंत्रकाचा अधिकार यांच्या दडपणाखाली सोपे नसते, म्हणून त्या नकाराला या विषयाच्या इतिहासात मानाचे स्थान आहे.

परिचित जागा अपरिचित कशी होते याचे ठळक उदाहरण केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनचे आहे. 27 ऑगस्ट 2006 च्या पहाटे, अंधारात, कॉमएअरच्या विमानाला सुमारे 2,100 मीटर लांबीच्या 22 क्रमांकाच्या धावपट्टीवरून उड्डाण करायचे होते. ते जेमतेम निम्म्या लांबीच्या 26 क्रमांकाच्या धावपट्टीवरून धावले आणि 50 पैकी 49 जण दगावले. दोन्ही धावपट्ट्यांची टोके जवळजवळ होती, बांधकामामुळे टॅक्सीवेची रचना व नावे बदललेली होती, आणि वैमानिकांजवळचा नकाशा त्या बदलाशी जुळत नव्हता. टॅक्सी करताना दोघांत कामाशी संबंध नसलेल्या गप्पा चालल्या होत्या, जे नियमाविरुद्ध होते. होकायंत्र चाळीस अंशांचा फरक दाखवत होते. धावपट्टीवर दिवे नसल्याचे नवल सहवैमानिकाने धावेदरम्यान बोलूनही दाखवले. तोवर विमान वेगात होते. मनोऱ्यात एकच नियंत्रक होता आणि तो दुसऱ्या कामाकडे वळलेला होता.

याच जातीची चूक 31 ऑक्टोबर 2000 रोजी तैपेई येथे झाली. वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग 747 दुरुस्तीसाठी बंद असलेल्या 05 उजव्या धावपट्टीवर वळले आणि तेथील बांधकामाच्या यंत्रसामग्रीवर आदळून 179 पैकी 83 जण मृत्यू पावले. वैमानिकांना शेजारची समांतर 05 डावी धावपट्टी दिलेली होती. हिरव्या दिव्यांची ओळ वळण घेत बंद धावपट्टीकडे जात होती आणि वैमानिक तिच्यामागे गेले. कॉकपिटमधला एक दर्शक विमान योग्य धावपट्टीच्या रेषेत नसल्याने कार्यान्वितच झाला नाही. धावपट्टी डोळ्यांना दिसत असल्याने वैमानिकांनी त्याकडे लक्ष दिले नाही. धावपट्टी बंद असल्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचलेली होती, म्हणजे माहितीची वाण नव्हती.

सर्व चुका धावपट्टीवर संपत नाहीत. जोहान्सबर्ग येथे डिसेंबर 2013 मध्ये ब्रिटिश एअरवेजचे बोइंग 747 रात्री ब्राव्हो टॅक्सीवेचे वळण न घेता माइक नावाच्या अरुंद मार्गावर सरळ गेले आणि त्याचा पंख एका इमारतीत घुसून आतले चौघे किरकोळ जखमी झाले. उलट जानेवारी 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सचे बोइंग 777 चुकीच्या टॅक्सीवेवरून परवानगीशिवाय धावपट्टी ओलांडून गेले. भूपृष्ठ-निगराणी यंत्रणेचा इशारा मिळताच नियंत्रकाने उड्डाणाच्या धावेतले दुसरे विमान थांबवले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ('इकाओ') व्याख्येनुसार धावपट्टीच्या संरक्षित क्षेत्रात विमान, वाहन किंवा व्यक्ती चुकीने असणे म्हणजे 'रनवे इन्कर्जन'. आकडेवारी प्रामुख्याने या घटनांचीच ठेवली जाते. चुकीचे वळण घेऊन धावपट्टीपर्यंत न पोहोचलेली विमाने तिच्यात बहुधा येत नाहीत, त्यामुळे मूळ चुकीचे खरे प्रमाण हिशेबाबाहेर राहते. ही उणीव गंभीर मानली पाहिजे, कारण लिनाते आणि डेट्रॉइट यांची सुरुवात अशाच एका निरुपद्रवी दिसणाऱ्या वळणाने झाली होती.

उपायांमध्ये सर्वांत स्वस्त उपाय भाषेचा होता आणि तो आश्चर्यकारक रीतीने उशिरा आला. अमेरिकेत 2010 पर्यंत एखाद्या धावपट्टीपर्यंत टॅक्सी करण्याची परवानगी मिळाली, की वाटेतल्या इतर धावपट्ट्या ओलांडण्याची मुभाही तीत गृहीत धरली जाई. त्या वर्षी प्रत्येक ओलांडणीसाठी स्वतंत्र आणि स्पष्ट परवानगी सक्तीची झाली. नकाशांवर 'हॉटस्पॉट', म्हणजे जेथे पूर्वी गोंधळ झाला आहे किंवा होण्याचा संभव आहे अशा जागा, वर्तुळाने दाखवण्याची पद्धतही रूढ झाली. दिव्यांचा उपाय महाग आहे, पण अधिक खोलवर जातो. सिंगापूरच्या चांगी आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळांवर विशिष्ट विमानासाठी त्याच्याच मार्गातले हिरवे दिवे पुढे पुढे उजळत नेण्याची सोय आहे. वैमानिकाला अक्षरांची मालिका पाठ ठेवावी लागत नाही, दिव्यांमागे जायचे असते. निर्णयाचा क्षणच काढून टाकणारी ही व्यवस्था बर्न-कर्लिक यांनी दाखवलेल्या दुखण्यावर थेट इलाज करते, मात्र तैपेईच्या हिरव्या रेषेची आठवण ठेवून ती बिनचूक राखणेही तितकेच आवश्यक ठरते.

कॉकपिटमधल्या उपायांत फिरत्या नकाशाला अग्रस्थान आहे. विमानतळाच्या नकाशावर स्वतःच्या विमानाची जागा क्षणोक्षणी दाखवणारा पडदा आणि समोरच्या काचेच्या रेषेत मार्ग रेखाटणारा दर्शक असे दोन्ही 'नासा'च्या प्रयोगांत दिले गेले, तेव्हा दिशाचुका जवळजवळ नाहीशा झाल्या. आज असे नकाशे नव्या विमानांत आणि वैमानिकांच्या टॅबलेटवर उपलब्ध आहेत, तसेच धावपट्टी जवळ आल्याचे बोलून सांगणारी यंत्रणाही आहे. तरीही केनेडी विमानतळावरची घटना या सगळ्यानंतरची आहे: पडद्यावर जागा दिसत असली तरी त्या क्षणी कोणीतरी पडद्याकडे पाहावे लागते, आणि टॅक्सी करतानाच वजनाचे आकडे, संदेश आणि तपासणी-याद्या उरकण्याची प्रथा कायम आहे. ही कामे विमान थांबलेले असताना करण्याचा आग्रह कंपन्यांनी धरला, तर दोन-तीन मिनिटांचा विलंब होईल. तो स्वीकारण्याजोगा आहे.

भारताच्या संदर्भात दिल्लीचे हिवाळी धुके आणि मुंबईची एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांची रचना या सर्वपरिचित अडचणी आहेत. दिल्लीत 2023 मध्ये चौथी धावपट्टी आणि उंचावरून जाणारा दुहेरी टॅक्सीवे सुरू झाला. मुंबईला तेवढी मोकळी जागा नाही. मुंबईच्या आसमंतात आकाशातून झालेली ओळखीची गफलतही इतिहासात नोंदलेली आहे: सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या धावपट्टीवर 1953 मध्ये बीओएसीचे कॉमेट आणि 1972 मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-8 उतरले होते, कारण दोन्हींकडच्या धावपट्ट्यांची दिशा साधारण सारखी आणि अंतर थोडे. पुणे आणि दाबोळी येथे नागरी विमाने अनुक्रमे हवाई दल आणि नौदल यांच्या तळांवर पाहुण्यांसारखी ये-जा करतात, ही अपरिचितपणाची आणखी एक बाजू.

2023 च्या जानेवारीत गोव्याच्या मोपा येथून आणि 2025 च्या डिसेंबरात नवी मुंबईहून उड्डाणे सुरू झाली. नव्या विमानतळावर पहिल्या दिवशी वैमानिक आणि नियंत्रक दोघेही नवखे असतात आणि पुढची काही वर्षे टप्प्याटप्प्याने बांधकाम चालू राहिल्याने रचना बदलत जाते. अधिकृत नकाशांतले नियोजित बदल आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार 28 दिवसांच्या चक्राने अमलात येतात. दरम्यानचे तातडीचे फेरफार 'नोटॅम' या सूचनांतून कळवले जातात, आणि या सूचना मजकुराच्या लांबलचक यादीत येतात. एखादा टॅक्सीवे बंद झाल्याची सूचना यादीत वाचणे आणि रात्री पावसात त्याच्या तोंडाशी तो बंद असल्याचे ओळखणे यांत मोठे अंतर आहे. बंद मार्गावर ठळक अडथळे व तांबडे दिवे लावणे, जुन्या खुणा केवळ रंगाने झाकण्याऐवजी पूर्णपणे खरवडून काढणे आणि नाव बदलताच त्या दिवशीच्या प्रत्येक विमानाला रेडिओवरून त्याची आठवण देणे ही कामे विमानतळाच्या अखत्यारीतली आहेत. धावपट्टी-सुरक्षेसाठी 'इकाओ' ज्या स्थानिक पथकांची शिफारस करते त्यांत बाहेरगावच्या, क्वचित येणाऱ्या वैमानिकांनाही बोलावले गेले, तर फाट्यावरची झिजलेली अक्षरे रोज ये-जा करणाऱ्यांच्या आधी त्यांच्या नजरेस पडतील.